बातमीनंतरचे पहिले पाहुणे

आमचा तलाव टीव्हीवर दिसला तेव्हा आम्हाला आधी आनंदच झाला. आज सांगताना हसू येतं, पण घडलं तसंच.

दिवाळी होऊन गेली होती. बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, धान पिवळं पडलं होतं आणि कापणी सुरू झाली होती. सकाळी मी पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी वाळत घालत होते, तेवढ्यात शेजारची काकू कुंपणावरून ओरडली, "पोरी, चाल लवकर! तुमचं फाटक टीव्हीत दिसून राहिलं!"

आई पाखडत असलेलं धान तसंच टाकून धावली. काकूच्या घरी नातू झोपला होता, म्हणून टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावर खरंच आमचा तलाव होता. पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, मोहाची झाडं, पाण्यावरून उडणारा पट्टकादंब हंसांचा थवा, आणि मग आमचं निळं फाटक, त्यावर मी स्वतः रंगवलेली पाटी. पाटीच्या एका अक्षरावरून रंगाचा ओघळ आला होता, तोसुद्धा स्पष्ट दिसत होता. दारात आणखी दोन-चार जणी जमल्या. कोणी म्हणालं, "तलाव केवढा सुंदर दिसून राहिला!" मग चित्रावर एक लाल गोल आला आणि तलावाभोवती फिरायला लागला. आई कौतुकानं म्हणाली, "टिकली लावली का जी त्याइनं आपल्या तलावाले?"

खालची पट्टी मी तेव्हा वाचली. महामार्गावर गोळीबार. गांजा तस्करांच्या दोन टोळ्या भिडल्या. एक ठार.

मी आवाज वाढवला. नातू उठून रडायला लागला, पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

बातमी खोटी नव्हती, हीच खरी अडचण होती. आदल्या संध्याकाळी सडक अर्जुनीच्या पुढे, महामार्गावरच्या एका बंद पडलेल्या ढाब्याजवळ ते घडलं होतं. पूर्वेकडून गांजा घेऊन येणारी गाडी दुसऱ्या टोळीनं अडवली, गोळ्या चालल्या आणि गाडीचा चालक जागीच गेला. आमचं गाव त्या ढाब्यापासून बरंच लांब आहे, महामार्ग सोडून आत, धानाच्या बांध्यांच्या आणि जंगलाच्या मधे. तलावाचा त्या गाडीशी काही संबंध नव्हता. पण बंद ढाबा आणि रस्त्यावरचा डाग दाखवून किती वेळ दाखवणार? मग कोणीतरी जुनं चित्रण काढलं. गेल्या हिवाळ्यात त्याच वाहिनीचा गोंदियाचा बातमीदार आमच्याकडे पक्ष्यांची बातमी करायला आला होता. आईनं त्याला लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊ घातले होते. ते पक्षी, ते फाटक, ती पाटी, सगळं त्या दिवशीचं होतं. त्या पक्ष्यांच्या चित्रावर आता बंदुकीचा आवाज घातला होता.

मी त्याला फोन केला. तो बिचारा खरोखर ओशाळला. म्हणाला, "ताई, चित्रण वरून टाकतात. मी इथून फक्त घटनास्थळ पाठवलं. त्यांना तालुक्याचं नाव दिसलं, फाइलमध्ये तुमचा तलाव दिसला, लावला."

"मग आता काढायला सांगा ना."

"सांगतो," तो म्हणाला. पण ते दिवसभर फिरत राहिलं.

या बातमीमुळे आमचं काय जाणार होतं, ते सांगायला हवं. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. आई लग्न होऊन आल्यापासून विड्या वळत होती. बाबा दुसऱ्याची बांधी ठेक्यानं करायचे. मला कॉलेजात जाता आलं ते शिष्यवृत्तीमुळे, आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या एका सरांमुळे. वर्ग सुटल्यावर ते आम्हा तीन-चार मुलींना इंग्रजीत पत्र लिहायला बसवायचे. त्या सरांची आठवण मी अजूनही दर वेळी पाहुण्यांना उत्तर लिहिताना काढते. पदवी झाल्यावर गोंदियात एका दुकानात हिशेब लिहायचं काम मिळालं, पण मन रमलं नाही. जंगलाच्या गेटवर येणारे पर्यटक आमच्या गावावरून जायचे आणि आमच्या तलावाकडे बघायचेही नाहीत. मी बाबांना म्हटलं, घराच्या मागे दोन खोल्या बांधू. गावातल्या बचत गटाच्या बाया स्वयंपाक करतील. तलावावर मासे धरणारे काका डोंगीतून, आपल्या लाकडी होडीतून, पक्षी दाखवतील.

बाबांनी ऐकलं. आईनं विड्यांचं सूप माळ्यावर ठेवलं. पहिला हिवाळा बरा गेला. दुसऱ्याच्या तोंडावर मीच बाबांना शब्द दिला होता की हा हंगाम चालला नाही तर मी नागपूरला मामाच्या ओळखीच्या ऑफिसात नोकरीला जाईन आणि खोल्यांमध्ये धानाची पोती ठेवता येतील. हे मी हसत हसत बोलले होते, कारण तेव्हा हिवाळाभराच्या खोल्या आधीच ठरलेल्या होत्या.

त्या बातमीनंतर फोन यायला लागले. कोणीही वाईट बोललं नाही, उलट सगळे फार गोड बोलले. पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "आम्हाला तसं काही वाटत नाही हो, पण घरचे ऐकत नाहीत." नागपूरच्या एका शाळेची सहल होती. त्यांच्या बाईंनी सांगितलं की पालकांनी टीव्हीचे फोटोच ग्रुपवर टाकलेत, आता बोलायची सोय नाही. एका माणसानं नुसतं विचारलं, "तुमच्याकडे नेटवर्क असतं ना? म्हणजे काही झालंच तर?" मी असतं म्हटलं, तरी दुसऱ्या दिवशी त्यानंही नको म्हणून कळवलं. आणि एकानं तर खोलीचं नावसुद्धा न काढता हळू आवाजात बातमीतला तो माल मिळेल का म्हणून विचारलं. मी फोन ठेवला आणि हात धुतले. का धुतले ते मलाही कळलं नाही.

त्या आठवड्यात मला गेल्या वर्षीची एक पाहुणी सारखी आठवायची. हैदराबादला शिकणारी मेक्सिकोची मुलगी होती. मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावांनी, तिला बघताच मला विचारायला लावलं होतं, "तुमच्या देशात दारात गोळ्या चालतात म्हणते, खरं का?" मी जमेल तसं इंग्रजी केलं. ती हसली आणि म्हणाली, हे मला सगळेच विचारतात. तिच्या मामाचं समुद्राकाठी छोटं हॉटेल होतं. गोळ्या चालायच्या दुसऱ्या टोकाला, मधे दिवसभराचा प्रवास. पण बातमीत देशाचं नाव यायचं आणि मामाच्या खोल्या रिकाम्या व्हायच्या. मोठेबाबांनी ते ऐकून मान हलवली होती. मीही चुकचुकले होते, तेवढंच. आता आमच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा मला तो मामा जवळच्या नात्यातला वाटायला लागला.

आमच्याच खोल्या रिकाम्या होत्या असं नव्हे, जंगलाच्या गेटवरच्या जिपाही उभ्याच होत्या. डोंगीवाले काका रोज सकाळी फाटकापाशी येऊन विचारायचे, "आज?" मी मानेनंच नाही म्हणायची. बचत गटाच्या बाया स्वयंपाकघर सारवून ठेवायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. एके दिवशी मी पाहिलं, आईनं माळ्यावरून विड्यांचं सूप काढलं होतं. नुसतं पुसून खाली ठेवलं होतं.

पोलिसांनी गोळीबार करणारे लवकरच धरले. ती बातमी आली, पण तिच्याबरोबर ना तलाव होता ना लाल गोल. आमच्या गावातसुद्धा ती अर्ध्या लोकांना कळली नाही.

आणि मग अमरावतीच्या मॅडमचा फोन आला.

त्या आणि त्यांची एक मैत्रीण, दोघीही निवृत्त झालेल्या, दर हिवाळ्यात गाडी काढून कुठे ना कुठे पक्षी बघायला जायच्या. त्यांची खोली अजून रद्द झाली नव्हती. मला वाटलं आता होणार. त्या थेट म्हणाल्या, "मी टीव्ही पाहिला. तू पाठवलेल्या फोटोतलं तुमचं फाटक ओळखलं. आता खरं काय ते सांग. आम्ही यावं का?"

जिभेवर आलं होतं की मॅडम, इकडे काहीच झालेलं नाही. तेवढं म्हणणं सोपं होतं. पण त्यांनी खरं विचारलं होतं.

मी म्हटलं, "गोळीबार झाला, मॅडम. माणूस गेला. महामार्गावर झाला, आमच्या गावापासून लांब. करणारे पकडले गेले. गांजाच्या गाड्या त्या रस्त्यानं जातात हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या गावात आजवर कोणा पाहुण्याला साधा ओरखडा आलेला नाही. तुम्ही दिवसाउजेडी या. फाट्यावर माझे वडील येतील घ्यायला. जुनी लाल मोटरसायकल आहे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं, ‘काही झालंच नाही’ म्हणाली नाहीस. येतो."

मी धावत जाऊन आईला सांगितलं. आईनं बायांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की पाहुणे येतायत.

आमच्याकडे एक रीत आहे. बाहेरून येणारा पाहुणा एकटा गावात शिरू नये. नवी सून असो, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला येणारा जावई असो, कोणीतरी फाट्यापर्यंत जाऊन त्याला आणायचं. कोणीच गेलं नाही तर त्या घराची गावभर चर्चा होते. म्हणून पाहुण्यांना घ्यायला बाबा जायचे, त्यात नवीन काही नव्हतं. पण या वेळी मोठेबाबांनी मनाशी वेगळंच ठरवलं होतं, आणि ते मला सांगायची गरज कोणाला वाटली नाही.

त्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. बाया पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या, वड्यांची डाळ वाटून तयार होती. ऊन असूनही वारा बोचत होता. मी आईला विचारलं, "बाबा निघाले?"

"सगळेच गेले."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. तुझे मोठेबाबा म्हणाले, असं टीव्हीत दाखवल्यावर पाहुण्याइले भेव वाटत असंल. एकानं जाऊन काय होते? सगळ्या गावानं जाऊन आनलं पाहिजे. बांधीतूनच गेले सारे."

तेवढ्यात माझा फोन वाजला.

मॅडम कुजबुजत होत्या. "अगं, आम्ही फाट्यावर वळलोच नाही. सरळ पुढे निघालो. मोटरसायकली मागे लागल्यात, पुष्कळ आहेत. सगळ्यांची तोंडं बांधलेली. एकाच्या कमरेला विळा आहे."

मागून त्यांच्या मैत्रिणीचा आवाज आला, "त्या पोरीला म्हणावं पोलिसांना फोन कर! आधी फोन कर म्हणावं!"

"मॅडम," मी म्हटलं, "ते आमचेच आहेत."

त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "आमचेच म्हणजे कोणाचे?"

त्या क्षणी मला दिसलं, त्या गाडीच्या आरशात काय दिसत असेल. कापणीवरून तसेच निघालेले आमचे काका, चुलतभाऊ, डोंगीवाले. वाऱ्यासाठी गमछे डोळ्यांपर्यंत गुंडाळलेले. कोणाच्या कमरेला विळा, कोणाच्या हातात रानडुकरं हाकायची काठी. आणि सगळ्यांत पुढे मोठेबाबा, गाडी थांबवा म्हणून हात हलवत. जितक्या प्रेमानं ते हात हलवत होते तितकी ती गाडी जोरात पळत होती.

"मॅडम, माझे वडील, काका... तुम्हाला घ्यायला आलेत. तुम्ही पुढच्या मोठ्या ढाब्यावर थांबा, जिथे ट्रक उभे असतात. काचा लावून बसा. मी येतेय."

मी स्कूटी काढली. आईनं पाठीवर हात ठेवला आणि मागं बसली. रस्ताभर मला एकच दिसत होतं, पडद्यावरचा तो लाल गोल. आता कोणी पोलिसांना फोन केला, कोणी चित्रण केलं, तर उद्या आमचं गाव पुन्हा टीव्हीवर. ‘पर्यटक महिलांचा पाठलाग.’ आणि या वेळी चित्र जुनं नसेल. नागपूरच्या ऑफिसातली खुर्चीही मला दिसायला लागली होती. तिच्यापुढे टेबल होतं, टेबलापुढे भिंत.

ढाब्यावर पोचलो तेव्हा दृश्य बघण्यासारखं होतं. मधोमध मॅडमची पांढरी गाडी, काचा वर, आत दोन आकृत्या ताठ बसलेल्या. तिच्यापासून आदबीनं अंतर ठेवून अर्ध्या वर्तुळात आमच्या मोटरसायकली. तोंडं बांधलेले सगळे जण हात जोडून उभे. ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन जमलेले.

एक ट्रकवाला विचारत होता, "क्या हुआ चाचा, एक्सीडेंट?"

"एक्सीडेंट नई जी," मोठेबाबा गमछ्याच्या आतून म्हणाले, "पाव्हने हैं हमारे."

"तो गाड़ी में कायको बंद हैं?"

मोठेबाबांनी पुन्हा गाडीकडे बघून हात जोडले.

बाजूला एक तरुण क्लीनर फोन उंच धरून सगळं टिपत होता. मी गाडीच्या काचेकडे निघाले तर बाबांनी हातानंच थांब म्हटलं.

बाबा बोलणारे नाहीत. त्यांनी आपला गमछा सोडला. ढाबेवाल्याकडून एक लोटा मागितला, पिंपातून पाणी भरलं आणि गाडीच्या दारापाशी खाली ठेवला. त्याच्या शेजारी गमछ्याची घडी ठेवली. मग चार पावलं मागं सरून उभे राहिले.

आमच्या अंगणात पाहुणा आला की पायांपुढे लोटा ठेवतात. धुवा आणि घरात या. तो अंगणातला लोटा बाबांनी महामार्गाच्या कडेला, डिझेलच्या वासात, ट्रकांच्या मधे आणून ठेवला होता.

काच खाली आली नाही. जरा वेळानं दारच उघडलं. मॅडम उतरल्या. केस पांढरे, गळ्यात दुर्बीण. त्यांनी लोट्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि खरंच पाय धुतले. पाणी थंडगार असणार, त्या शहारल्या. गमछ्यानं पाय पुसून तो त्यांनी नीट घडी करून बाबांना परत दिला.

"माझ्या मामाकडे असंच ठेवायचे," त्या म्हणाल्या. "कितीतरी वर्षांनी धुतले असे पाय."

मग मोठेबाबांना राहवलं नाही. "लय भेव वाटलं का जी?"

"वाटलं म्हणजे काय! तोंडं बांधून कायले मागे लागलात?"

"थंडी वाजून राहिली होती जी," मोठेबाबा म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घाईघाईनं गमछा ओढून काढला. मागच्या सगळ्यांनी काढले. गमछ्यांच्या आतून आमच्या गावातली ओळखीची तोंडं एकेक करून बाहेर आली, ओशाळलेली. विळावाल्या काकांनी विळा पाठीमागं लपवला आणि तसा तो जास्तच दिसायला लागला.

आई म्हणाली, "टीव्हीवाल्याइनं जेवढं भेव घातलं नाही तेवढं तुम्ही घातलं."

मॅडम आधी हसल्या, मग ट्रकवाले. गाडीच्या आतून मैत्रिणीचा आवाज आला, "मी नाही उतरणार. मला आधी चहा द्या, मग बघू." ढाबेवाल्यानं खिडकीतूनच ग्लास दिला.

मी क्लीनरकडे वळले. काय म्हणणार होते कोण जाणे, हात जोडणार होते बहुतेक. पण त्यानं आधीच फोन खिशात घातला होता. ट्रकवाल्यानं त्याला विचारलं, "क्या निकाला?"

"कुछ नहीं है यार," तो म्हणाला. "मैडम पाँव धो रही हैं, बस."

माझ्या आयुष्यात इतकी बरं वाटणारी वाक्यं मी फार थोडी ऐकली असतील. कुछ नहीं है. इतके दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी तिथंच, त्या डिझेलच्या वासात, उतरलं. मी आईकडे पाहिलं तर तीही पदरानं डोळे पुसत होती आणि वर मलाच म्हणत होती, "काऊन रडून राहिली?"

गावात आम्ही वाजतगाजत नाही, पण रांगेनं शिरलो. पुढे बाबा, मग पांढरी गाडी, मागे बाकीचे, सगळ्यांची तोंडं उघडी.

जेवताना मैत्रीणबाई सगळ्यांना तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि दर वेळी मोटरसायकली वाढत होत्या. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मॅडमनी मात्र एकदा हळूच विचारलं, "तो चालक कुठला होता गं, गेलेला?" मला माहीत नव्हतं. त्या वाहिनीनंही सांगितलं नव्हतं. त्याच्या घरी त्या संध्याकाळी कोणी वाट बघत असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा इतकं स्पष्ट सुचलं. इतके दिवस मी त्याच्यावर चिडले होते, त्यानं आमच्या वाटेत मरायला नको होतं असं काहीसं वाटून. मॅडमनी ताटातला घास तसाच ठेवला, मग सावकाश खाल्ला.

सकाळी धुकं होतं. डोंगीवाले काका सगळ्यात आधी हजर. धुकं विरलं तसे पाण्यावर पट्टकादंब दिसायला लागले. त्यांच्या मागं चक्रवाकांची एक जोडी होती, भाजलेल्या विटेच्या रंगाची. मॅडम डोंगीत उभ्याच राहिल्या, काका ओरडले, "बसा जी, नाहीतर टीव्हीत याल!" काठावर मला त्यांचं हसू ऐकू आलं.

त्या ठरवल्यापेक्षा एक दिवस जास्त राहिल्या. जाताना म्हणाल्या, आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर लिहीन. मी म्हटलं, सगळं लिहा, फाट्यावरचंसुद्धा. त्यांनी लिहिलं. त्यानंतर नागपूरच्या दोन जोड्या आल्या, मग एक डॉक्टर आपल्या मुलांना घेऊन आले. खोल्या भरभरून वाहिल्या असं म्हणणार नाही. शाळेची सहल त्या वर्षी नाहीच आली. पण हिवाळा सरला आणि नागपूरचं नाव कोणी काढलं नाही. माळ्यावर सूप परत गेलेलं मी एके दिवशी पाहिलं.

गोंदियाचा तो बातमीदार उन्हाळ्याच्या आधी पुन्हा येऊन गेला. पक्ष्यांची बातमी हवी होती. आईनं त्याला पुन्हा वडे दिले. मी त्याला एकच म्हटलं, "दादा, चित्रावर आजची तारीख लिहून ठेवाल का? म्हणजे पुढं कोणी वापरलं तर लोकांना कळेल." त्यानं वडा खाता खाता मान हलवली. आपल्या हातात असेल तेवढं करेन म्हणाला. तो करेल असं मला वाटतं. निदान त्या दिवशी त्यानं मला फाटकाची पाटी नव्यानं रंगवायला सांगितली, ओघळ टीव्हीवर वाईट दिसतो म्हणून.

आता मोठेबाबांचा नवा नियम आहे. फाट्यावर एकच जण जाईल, आणि तोंड उघडं ठेवून जाईल. बहुतेक वेळा बाबाच जातात. थंडीत परत येतात तेव्हा त्यांचे कान लालभडक झालेले असतात. परवा मी म्हटलं, "बाबा, कानटोपी तरी घाला."

"कानटोपी चालते का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"चालते. तोंड दिसतं ना."

ते मोठेबाबांना विचारायला गेले. येताना घालूनच आले.